उजवीकडचा ट्रे

१० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वसाहतीत सगळ्यांना सारख्याच दोन खोल्या, दाराला कुलूप नाही, चोरीचं नाव नाही, हे वाचून बरं वाटलं. पण टपाल तपासणीत दिवसभर दुसऱ्यांची पत्रं वाचून झाल्यावर माझं वाचायला डोळे उरतात का रे? चिडू नकोस. तपासनिसांच्या घरची पत्रं कुणी उघडत नाही म्हणालास, म्हणून जीभ सैल सोडलीय.

हे रोज पास दाखवून तुमच्याकडे आत येतात, नळ दुरुस्त करतात आणि दिवेलागणीच्या आत बाहेर पडतात. परवा म्हणाले, आत झाडांना दोन वेळा पाणी आणि भिंतीबाहेर आपण अर्ध्या तासाच्या पाण्यासाठी रांगेत. एक दिवस मोठा व्हॉल्व्ह असा फिरवतो की दोन्हीकडची माणसं एकदमच आंघोळीला बसतील! आम्ही पोट धरून हसलो.

प्रकृतीला जप. माया आहे तशीच राहू दे.

तुझी चिमी

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ह्यांचा पास अजून परत मिळालेला नाही. त्या बुधवारी फाटकावर काढून घेतला तो घेतलाच. कारण विचारलं तर म्हणे सुरक्षेचं कारण आहे आणि सुरक्षेची कारणं सांगायची नसतात. पान्यांची पिशवीसुद्धा पहारेकऱ्यानं ठेवून घेतली. हे रोज सकाळी आंघोळ करतात, कामाचा शर्ट घालतात आणि खिडकीशी बसून राहतात.

कुणीतरी चुगली केलीय, नक्की. मला शेजारच्या रंगाऱ्याचा संशय आहे. त्याच्या बायकोशी मी बोलणंच टाकलंय. तू चौकशी करतो असं लिहिलंस, तेवढाच आम्हाला आधार.

तुझ्या पत्राच्या वाटेवर डोळे लावून बसलेली,
चिमी

१२ मार्च

चि. सौ. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिताना हात अडखळला, पण रीत मोडवत नाही. रंगाऱ्याच्या बायकोशी बोल. त्यानं काही केलेलं नाही. ते माझ्या हातून झालं.

तुझं फेब्रुवारीतलं पत्र मी कचेरीत चहाच्या सुटीत वाचलं. टेबलावर दोन ट्रे असतात. डावीकडे निर्धोक पत्रं, उजवीकडे खुणा केलेली. हातात लाल पेन्सिल होतीच. मी हसत होतो गं, आणि हसता हसताच व्हॉल्व्हच्या वाक्याखाली रेघ ओढली. घंटा झाली तसं पत्र उजवीकडे टाकलं आणि पुढचं पाकीट फोडलं. नऊ वर्षांची सवय.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून विचारलं की हे पत्र तुमच्या घरचं दिसतं, याचा अर्थ काय? ती नुसती थट्टा आहे, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो की कामात नातं आणत नाही. त्यांनी माझी पाठ थोपटली. आता तुझ्याशी खोटं कशाला बोलू, तेव्हा मला बरं वाटलं. त्याचीच लाज सगळ्यात जास्त वाटते. चौकशी करतो असं तुला लिहिलं, तेही खोटंच होतं.

आमच्याकडे कुलपं नाहीत म्हणून मी केवढी फुशारकी मारायचो. ज्यांच्या भीतीनं ती लावायची, ते सगळे भिंतीबाहेर ठेवलेत. त्यात तूही आहेस, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

साहेबांना लेखी देतो. नोकरी गेली तर जाऊ दे. मेहुणे कसे आहेत, तेवढं कळव.

तोंड दाखवायला लाजणारा,
दादा

२५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रंगाऱ्याच्या घरी जाऊन माफी मागून आले. त्याच्या बायकोनं चहा दिला, पण समोर बसली नाही.

ह्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. रागावले नाहीत. म्हणाले, मीही कुणाकडे गेलो की आधी त्यांचा नळ घट्ट पिळतो, त्याचंही तसंच झालं असेल. लेखी काही देऊ नकोस, असा त्यांचा निरोप आहे. घरात एक रिकामा बसलाय तेवढा पुरे.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. पहिल्यात पाण्याच्या रांगेतलं भांडण होतं, दुसऱ्यात घरमालकिणीची नक्कल, तिसऱ्यात नुसतं रडणं. प्रत्येकात रेघ कुठे पडेल ते मलाच दिसायला लागलं, म्हणून फाडली. ज्या दादाजवळ बोलताना कधी शब्द शोधावा लागला नाही, त्याच्यापुढे मी असं जपून लिहितेय, याची मला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटते.

हे कसे आहेत, असं विचारलंस. दादा, तेवढं तुला कळवायची मला भीती वाटते.

जीव तुझ्यात आहेच, तो आहे तिथेच राहील.

तुझी,
चिमी