भुतांची ज्येष्ठता यादी

२ सप्टेंबर १९५६, रविवार

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. ट्रंकेत कुलुपात राहील, किल्ली जानव्याला. झाकणाच्या फटीवर एक केस चिकटवायचा, म्हणजे कोणी उघडली तर कळेल. माझे केस या कामाला पुरत नाहीत, म्हणून सौ.कडे एक मागितला. कशाला, म्हणून विचारत होती. सांगितलं नाही. पद्मा बायको म्हणून चांगली आहे, पण माहेर इंदूरचं.

परिस्थिती अशी. एक नोव्हेंबरला आमचा मध्यभारत संपणार. नवा प्रांत, राजधानी भोपाळ, दफ्तरं तिकडे. मी रेकॉर्डकीपर, नोकरी बावीस वर्षं, आधी दरबारची, मग मध्यभारताची. मी जाणार नाही. भोपाळात मला कोण ओळखतं? इथे बाड्याच्या चौकातला पानवाला मला लांबून बघतो आणि पान लावायला घेतो. ग्वाल्हेर सोडलं तर मी मरेन. हे बाहेर कोणाला बोललो नाही, इथे लिहून ठेवतो.

उपाय सापडला आहे. दर रविवारी ‘ग्वाल्हेर इतिहास व भूतदर्शन पदयात्रा’. इतिहास मला पाठ, भुतं जुळवता येतील. दोन महिन्यांत इतकं नाव होईल की सरकारच म्हणेल, रघुनाथराव, तुम्ही हलू नका.

३ सप्टेंबर

केस जागेवर.

दफ्तरात शेजारच्या टेबलावरचे दिनकरराव विचारत होते की रविवारी काय करता. का विचारलं? ग्रेडेशन लिस्टमध्ये, म्हणजे नोकरीच्या ज्येष्ठता यादीत, ते माझ्या बरोब्बर एक नंबर खाली. सरकारी नोकराने खाजगी धंदा करायचा नाही, हा नियम त्यांना पाठ आहे. माझ्यावर ठपका आला की ते एक पायरी वर. मतलब साफ आहे.

म्हटलं, रविवारी झोपतो.

९ सप्टेंबर, रात्री जेवणाआधी

पहिली पदयात्रा यशस्वी.

वेळ दुपारी चारची. सौ. म्हणाली, चार वाजता कुठली आली भुतं, तुम्हाला अंधाराची भीती वाटते हे सरळ सांगा ना. चूक. अंधारात वास्तुशिल्प दिसत नाही.

मंडळी पाच. पैकी दोघे नई सडकेवर चपलांचं दुकान शोधत होते, ते सापडल्यावर गेले. उरले रिसाल्यातून पेन्शनीत निघालेले जयसिंहराव, सरदार घराण्यातल्या विजयाबाई आणि त्यांची मोलकरीण. बाड्याजवळच्या पिंपळाखाली सांगितलं की इथे एका सरदाराचा आत्मा अजून पालखीची वाट बघत उभा असतो, भोई वेळेवर येत नाहीत म्हणून चिडतो. ऐन वेळी सुचलं. छान वठलं.

पण वीस पावलं मागे कोण? दिनकरराव! लांबच्या थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरमधून एवढी सायकल मारत आलेले, कोटाच्या खिशातून लांबट सरकारी लिफाफा डोकावतोय. मी थांबलो की थांबत. माणसं मोजत असणार. मी चिटणिसांच्या बोळातून सगळ्यांना पळवलं. मोलकरणीच्या पायाला ठेच लागली.

१२ सप्टेंबर

विजयाबाई घरी आल्या. भयंकर भडकलेल्या. पालखीची वाट बघत चिडणारे म्हणजे त्यांचे आजेसासरेच, सगळा लष्कर मोहल्ला ओळखतो. आम्ही दर वर्षी श्राद्ध करतो, पिंडाला कावळा पहिल्या हाकेला शिवतो, आणि तुम्ही त्यांना झाडाखाली उभं करता? लाज नाही वाटत?

मी घाबरलो नाही. पाणी दोनदा मागितलं, ते उकाड्यामुळे.

सौ.ने चहा केला. चहानंतर बाई जरा शांत झाल्या. दारात वळून म्हणाल्या, आता सांगितलंच आहे तर निदान पूर्ण नाव आणि किताब तरी घेत जा, नुसतं एक सरदार काय?

१६ सप्टेंबर

मंडळी अठरा! विजयाबाईंनी सगळं माहेर-सासर आणलं होतं. आजेसासऱ्यांचं नाव किताबासकट घेतलं तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला. एकीने पिंपळाला नमस्कार केला. मलाही भरून आलं. दरबार गेल्यापासून आठ वर्षांत त्या माणसाचं नाव कोणी चारचौघांत घेतलं नव्हतं.

जयसिंहराव मात्र काठी आपटत पुढे. त्यांचे आजोबा दरबारात विजयाबाईंच्या आजेसासऱ्यांच्या तीन बैठका वर बसत. खालच्या माणसाला भूत आणि वरच्याला काहीच नाही, हा कुठला न्याय? त्यांना आजोबा घोड्यावर हवेत. म्हटलं, अर्ज करा.

दिनकरराव मागे होतेच. हात वर करून काही सांगत होते. मी पाहिलंच नाही असं केलं.

२० सप्टेंबर

अर्ज सात! दोन तर दोन-दोन प्रतींत.

एक गृहस्थ काकांसाठी आले होते. विचारलं, वारले कधी? म्हणाले, काका हयात आहेत, पण तबियत बरी नसते, जागा राखून ठेवा. ठेवली.

एक गोष्ट पक्की. सरकारने आमची ग्रेडेशन लिस्ट करताना इंदूरवाल्यांना आमच्या डोक्यावर बसवलं. माझ्या यादीत असा अन्याय होणार नाही. दरबारच्या बैठकांचं जुनं रजिस्टर माझ्याच कपाटात आहे. त्यावरून भुतांची ज्येष्ठता यादी करायला घेतली. लाल शाईने रेघा. दफ्तराच्या वेळात, पण दफ्तराची शाई नाही.

२३ सप्टेंबर

पितृपंधरवडा म्हणून गर्दी भलतीच. पण यात्रा हललीच नाही. भुतं नंबराने तर मंडळीही नंबराने चालणार, यावरून बाड्यातच वाद. जयसिंहराव म्हणाले, वरच्या बैठकीचा वंशज पुढे. विजयाबाई म्हणाल्या, पहिलं भूत आमचं निघालं. पाऊण तास. शेवटी टांगेवाला ओरडला की बाबूजी, ज़िंदों को तो निकलने दो.

त्या गडबडीत दिनकररावांनी मला गाठलंच. लिफाफा पुढे केला. मी मोठ्याने म्हटलं, आज सुट्टी आहे, सरकारी कागद घेणार नाही. आणि गर्दीत शिरलो. शाबास मी.

२५ सप्टेंबर, संध्याकाळ

दिनकरराव घरी आले! मी कणगीमागे बसलो आणि सौ.ला खूण केली की नाही म्हणून सांग.

अर्धा तास बसले. पोहे खाल्ले. हळू आवाजात बोलत होते, मला फक्त ‘एक तारखेपर्यंत’ एवढं ऐकू आलं. मग सौ. म्हणाली, भाऊजी, मी बघते. भाऊजी! हे कधीपासून?

ते गेल्यावर तिने लिफाफा माझ्या ताटाशेजारी ठेवला. माझ्या नावाचा, चिकटवलेला. म्हणाली, उघडा, तुमच्या भल्याचं आहे. आणि तुम्ही दफ्तरात त्यांच्याशी बोलत का नाही?

मी एवढा खुळा नाही. बावीस वर्षं रेकॉर्डमध्ये घालवली आहेत. लिफाफा उघडला की कागद ‘मिळाला’ असं ठरतं. मिळाला की ‘वाचला’. वाचला की ‘मान्य’. आत एक तर चार्जशीट, नाही तर भोपाळला जायची संमती. न उघडलेल्या लिफाफ्याला जगात कोणी काही करू शकत नाही. ट्रंकेत रोजनिशीखाली ठेवला. वर केस.

३० सप्टेंबर

यादी पूर्ण. भुतं चौदा. चौदाव्या नंबरावर हयात काका. जबरदस्त काम झालंय, कोणाला बोट ठेवायला जागा नाही.

एक किरकोळ अडचण. बैठकीच्या क्रमाने गेलं की पहिलं भूत कंपू मोहल्ल्यात, दुसरं नई सडकेवर, तिसरं परत कंपूत, चौथं राजघराण्याच्या समाधीच्या छत्रीपाशी. ऊन कडक. तिसऱ्या भुतापर्यंत निम्मी मंडळी गळली. जयसिंहराव टांग्यात बसले, मग विजयाबाईही टांग्यात, आणि कोणाचा टांगा पुढे यावर परत तेच. सातव्या भुताला मी, टांगेवाला आणि दिनकरराव.

हलवायाच्या दुकानात त्यांनी मला धरलं. सायकल पंक्चर झाली होती, घामाने कोट ओला. हात जोडून म्हणाले, रघुनाथराव, उद्या शेवटचा दिवस आहे, कृपा करून सही करा, मी स्वतः साहेबांकडे नेऊन देतो. मी म्हटलं, तुम्ही कोणासाठी काम करता ते मला ठाऊक आहे. त्यांनी जोडलेले हात खाली घेतले. मग सायकल ढकलत गेले.

जिंकलो. दोन कचोऱ्या खाल्ल्या. घरी आल्यावर सौ.ने विचारलं, सही केलीत? नाही म्हटलं. ती जेवली नाही. एकादशीही नव्हती. ती दिनकररावांना सामील आहे, हा संशय पक्का झाला.

१४ ऑक्टोबर, दसरा

चार वाजता पिंपळाखाली मी एकटा.

कारण कळलं. विजयाबाईंनी आजेसासऱ्यांची वेगळी पदयात्रा काढली. जयसिंहरावांनी वेगळी, बेंडबाजासकट. दोन्हींत माझंच भाषण, शब्दाला शब्द. भाषण बाहेर फुटलं कसं? कागद तर ट्रंकेत होता. केस जागेवर होता. म्हणजे नीट परत चिकटवला असणार. पद्मा?

सोनं द्यायला कोणी आलं नाही. पानवाला म्हणाला, बाबूजी, सुना है आप भोपाल जा रहे हैं. त्याला कोणी सांगितलं? पान न घेता आलो. आता वाईट वाटतंय.

२२ ऑक्टोबर

ऑर्डर आली. भोपाळ. हजर व्हायचं एक तारखेला.

हे काम दिनकररावांचं. दुपारी ते टेबलापाशी आले. आता हसणार, असं वाटलं. हसले नाहीत. म्हणाले, एक सही केली असती, रघुनाथराव. डोळे लाल होते. बहुतेक धुळीने.

ते स्वतः मात्र ग्वाल्हेरलाच राहताहेत. कसे काय? चौकशी केली पाहिजे.

२८ ऑक्टोबर

सामान बांधायला ट्रंक रिकामी केली. लिफाफा हातात आला. आता मिळाला काय आणि न मिळाला काय. उघडला.

ऑप्शन फॉर्म. आमच्या दफ्तराचा जुना रेकॉर्ड ग्वाल्हेरलाच ठेवायचं ठरलं आहे. सांभाळायला जागा दोन. ज्याला ग्वाल्हेर सोडायचं नसेल त्याने एक ऑक्टोबरपर्यंत सही करून द्यावं. पहिला हक्क ज्येष्ठतेने माझा. दुसरा दिनकररावांचा.

माझ्या जाण्याने त्यांचं काहीच वाढत नव्हतं. त्यांची जागा त्यांना होतीच.

फॉर्म अख्खा भरलेला, त्यांच्या त्या गोल अक्षरात. नाव, वडिलांचं नाव, नोकरी बावीस वर्षं. ‘कारण’ या रकान्यात त्यांनी लिहिलंय, हे गृहस्थ ग्वाल्हेरशिवाय राहू शकणार नाहीत. मी कोणाला बोललो नव्हतो. तळाला पेन्सिलीने लहानशी फुली, बाजूला ‘इथे सही’.

सौ. दारात उभी होती. फॉर्म तिच्या हातात दिला. उद्या बघू.

१८ नोव्हेंबर, रविवार, भोपाळ

एका खोलीत तिघं बाबू. क्वार्टर मिळेपर्यंत पद्मा ग्वाल्हेरलाच. इथला पानवाला रोज नाव विचारतो. केस लावणं बंद केलं, तिचा केस आणायचा कुठून?

कालच्या टपालातला लिफाफा खोलीतल्या बाबूने आज दिला. दिनकररावांचं गोल अक्षर. उभ्याउभ्याच फोडला.

लिहितात की सगळं क्षेम आहे. दोन्ही घराणी थकून शेवटी त्यांच्याकडे आली, आता रविवारची पदयात्रा ते नेतात. यादी माझीच आहे, मात्र जवळचं आधी आणि लांबचं नंतर असं करून घेतलं. कोणी रागावलं नाही. पद्मावहिनी दर वेळी येतात. आणि मंडळींच्या आग्रहावरून एक मुक्काम वाढवला आहे, आपल्या दफ्तराची खिडकी. तिथे सांगतात की इथे एक रेकॉर्डकीपर बसत, रविवारी चार वाजले की लाल शाईची दौत घेऊन अजून दिसतात. पानवाल्याने स्वतः पाहिलंय म्हणे. यादीत नंबर पंधरावा.

पंधरावा! हयात काकांच्याही खाली! बावीस वर्षं नोकरी, आणि ही सगळी भुतं उभी कोणी केली? ताबडतोब हरकतीचा अर्ज लिहायला घेतला. दोन ओळी झाल्या.

मग पत्रामागचा दुसरा कागद दिसला. घराण्यांकडून घेतात तसा संमतीचा फॉर्म. भरलेला. नाव, मुक्काम ग्वाल्हेर. तळाला पेन्सिलीची फुली, ‘इथे सही’.

अर्ज फाडला. सही केली. लगेच केली, आणि तसाच जाऊन पोस्टाच्या पेटीत टाकून आलो. तेव्हा चार वाजले होते.