विसावा अर्ज

९ सप्टेंबर, दुपार

प्रिय छोटी,

शिक्षकखोलीतल्या कपाटातला तुझा खालचा खण अर्धा रिकामा करून थांबले आहे. चित्रांच्या चिठ्ठ्या, खडूचे तुकडे, कान तुटलेला कप. आईचे टाके निघाले का? तिला म्हणावं, चालायचा कंटाळा करू नकोस. इकडे सगळे ठीक.

उद्या मोजणी. नियम तुला पाठ आहे : घरची भाषा वेगळी असलेली वीस मुलं शाळेत असतील तर त्यांच्यासाठी भाषेची शिक्षिका, म्हणजे तू; नाहीतर पद जातं. माणसाला दुसऱ्या शाळेत पाठवतात, जागा असेल तर. यंदा कुठेच जागा नाही. प्रवेशअर्जांतला घरच्या भाषेचा रकाना मी चारदा मोजला. एकोणीस.

गणिताचे सर शिक्षकखोलीत मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "आमच्या वर्गात बेचाळीस डोकी. मुख्याध्यापिकेच्या बहिणीला मात्र वीस पुरतात." सगळे हसले. मीही हसले.

मग कारकून माझ्या खोलीचं दार लोटून आत आला.

"मॅडम, एका रकान्याचा तर प्रश्न. खोडतो मी. पालकाची सही काय, कशीही मारता येईल."

"कुणाचा रकाना?"

"ते तुम्हाला ठाऊक आहे की."

ठाऊक आहे. सातवीतली वेल्डरची मुलगी. तू मला तीनदा म्हणालीस, "ताई, ती वर्गात तोंड उघडत नाही. माझ्याकडे दे." मी म्हणाले, अर्जावर आपलीच भाषा आहे, कशी देऊ? अर्ज कुणी भरला, ते विचारलं नाहीस.

मी भरला. तिची आई टेबलाशी उभी होती. "काय लिहिलं म्हणजे पोरगी सगळ्यांत बसेल?" मी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि आपली भाषा लिहून टाकली. तिचं भलं केलं, असं इतके दिवस स्वतःला सांगत आले. खरं तर मागे रांग होती.

काल तिच्या घरी गेले. दुरुस्तीला पालकाची सही लागते. तिच्या आईने कागद हातातही घेतला नाही.

"तेव्हा तुम्हीच लिहिलंत. आता म्हणता खोडा. बहिणीची नोकरी जातेय म्हणून ना?"

मुलीसाठी आले, असं म्हणायचं होतं. कागदाची घडी घातली. मुलगी दारामागे उभी राहून ऐकत होती.

कारकुनाला नको म्हणाले. खोटं खोडायलाही खोटी सही नको. तू म्हणशील, ताईचा ताठा नेहमीचाच. म्हण. आईला मात्र आत्ताच काही सांगू नकोस.

फोनवर हे सांगता आलं असतं. तू काय बोलशील ते ऐकायचं नव्हतं.

तुझा खण जिने उघडायला नको होता, ती
ताई

१० सप्टेंबर. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज सकाळी पावणेदहाला ती मुलगी एकटी आली. दुरुस्तीचा कागद मागितला. घरच्या भाषेचं नाव स्वतःच्या लिपीत लिहिलं, खाली सही केली. मोजणीला आलेल्या तपासनिसांनी तो कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. मुलांची सही चालत नाही. मूळ अर्ज मी चुकीचा भरला, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, लेखी द्या, पुढच्या वर्षी बघू. त्यांनी तक्त्यात एकोणीस लिहिले. खाली मुख्याध्यापिकेची सही लागते. मी केली.