देण्याघेण्यातला मोरपंखी

८ डिसेंबर, रविवार

जो ब्लाऊज पीस कुणीच शिवत नाही, तो बायका एकमेकींना देतात कशाला? खरं सांगते, मला उत्तर येत नाही. घरातली पहिली पदवीधर मी, पण येत नाही.

आज आई ढालगावच्या वास्तुशांतीहून आली. ओटीत नारळ, तांदूळ आणि एक आमसुली पीस — कडक, कागदासारखा. नारळ देवापुढं, तांदूळ डब्यात, पीस सरळ ट्रंकेत! शिवायचा नाही का, म्हटलं. आईनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी नारळ सोलतात कशाला असं विचारलं होतं.

"देण्याघेण्यातला हाय त्यो," म्हणाली. म्हणजे उद्या कुणाच्या तरी ओटीत जायचा. तीही तो ट्रंकेतच ठेवणार!

ट्रंक उघडून बघितली. गठ्ठा आहे नुसता. गुलाबी, पोपटी, मोरपंखी, चटणी. आणि आईच्या अंगात काय? काखेत ठिगळ लावलेला तपकिरी ब्लाऊज. ठिगळ काळं. तर म्हणते, पदर असतोय की वरनं.

जगात कापडाचे डोंगर वाया चाललेत. एक डोंगर आमच्या घरात आहे. मी गप्प बसणार नाही.

११ डिसेंबर, बुधवार

शिवणक्लासला मॅडम ओरडल्या. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडायचं असतं, त्याला माया म्हणतात. माणूस अंगानं भरलं, की शिवण उसवून तेवढं वाढवता येतं. मी बरोबर रेघेवर कापते. "तुझ्या हातात माया अजिबात नाही," म्हणाल्या.

घरी येऊन सांगितलं. आबा जेवता जेवता म्हणाले, "आमाला म्हाईत हाय की."

२० डिसेंबर, शुक्रवार

ठरलं! सगळ्या पिसांचं मिळून एक जॅकेट. मोबाईलवर जिकडं बघावं तिकडं तुकड्या-तुकड्यांची जॅकेटं चालू आहेत. मोठी ढगळ, गुडघ्यापर्यंत. त्यांना कुठून कुठून चिंध्या गोळा कराव्या लागतात. माझी ट्रंक भरलेली!

आई शेरडं घेऊन माळावर गेली, तेवढ्यात कापायला बसले. आई आल्यावर एकदम तयार जॅकेट दाखवायचं. पेपर कटिंग करून अंगणात वाळूच्या घमेल्याखाली दाबून ठेवलं होतं. बाहीचं कटिंग शेळीनं खाल्लं. बाही अंदाजानं कापली.

२१ डिसेंबर, शनिवार

दोन्ही बाह्या डाव्या झाल्या. उजवा हात घातला की मागून कुणीतरी मला ओढतंय असं दिसतं.

१० जानेवारी, शुक्रवार

झालं एकदाचं! बाह्या नीट केल्या. माया नसल्यामुळं ढगळ व्हायचं ते बेताचंच झालंय. हात वर केला की आख्खं जॅकेट वर जातं. म्हणून हात वर करायचा नाही, एवढंच.

मोरपंखी पीस सगळ्यांत देखणा. त्यावर इस्त्रीचा तिकोनी डाग होता. दुसऱ्या कुणी लपवला असता. मी मुद्दाम खिशावर घेतला! डाग म्हणजे कापडाची आठवण. हे वाक्य मी रीलखाली पण लिहिलं. सात जणांनी बघितलं. त्यात दोनदा मीच.

आबा म्हणाले, "झ्याक झालंय. ज्वारीत हुबी ऱ्हा, पाखरं यायची न्हाईत."

आईनं लांबून बघितलं. तिला वाटलं कापड मी विकत आणलंय. सांगणारच होते, तेवढ्यात दूध उतू गेलं. मग राहिलं.

१९ जानेवारी, रविवार

दादाचं जमलं! इंद्रजितदादा फौजेतून सुट्टीवर आलाय. म्हसवडची पल्लवी. आमच्या बनाआत्याच्या शेजारचंच घर, आत्यानंच जमवलं. पौष संपला की २ फेब्रुवारीला साखरपुडा, तिथंच लग्नाची तारीख धरायची. दादा पोरगी बघून आल्यापासून शेरडांकडं बघूनसुद्धा हसतो.

आई म्हणाली, काही खरेदी नको. ओटीचे पीस ट्रंकेत ढीगभर हायेत.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

२५ जानेवारी, शनिवार

आईनं ट्रंक उघडली. तळाला डांबराच्या गोळ्या तेवढ्या.

मी जॅकेट आणून पुढ्यात ठेवलं. सगळं सांगितलं. कापडाचे डोंगर वगैरेही सांगितलं. ती ऐकत नव्हती. एकेका तुकड्यावर बोट ठेवत होती. ही नागजची वहिनी. ही तुझी मामी. ह्यो तुज्या बारशाचा. मोरपंखी, बनाआत्या. मला जे नुसते रंग दिसत होते, ती त्यात माणसं बघत होती!

"समद्या पावण्यांस्नी अंगावर घेतलंस की गं," म्हणाली.

हसली नाही. मग तोंडावर पदर धरून हसली. मग पुन्हा गंभीर झाली आणि म्हणाली, साखरपुड्याला हे घालू नगंस. आत्या वळखंल.

नवीन पीस आणायला दोघी महांकाळच्या बाजारात गेलो. तिथंही तिनं विचारलं, "देण्याघेण्यातलं दाखवा." दुकानदारानं न विचारता खालच्या फळीवरचा गठ्ठा काढला. म्हणजे त्यांची फळीसुद्धा वेगळी असते!

१ फेब्रुवारी, शनिवार

खूप विचार केला. कापड ट्रंकेत ठेवणं चांगलं आणि अंगात घालणं वाईट? लपवायचं काय त्यात? मी घालणार.

२ फेब्रुवारी, रविवार

घालायला नको होतं.

गाडीत आईनं शाल दिली. थंडी हाय, पांघर. म्हसवडला उतरल्यावर मी शाल काढली. आईनं कपाळाला हात लावला. पण तोवर मांडवातल्या पोरी गोळा झाल्या होत्या. कुठून घेतलं, कुणी शिवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणालातरी फॅशन सांगत होते!

मग हळदीकुंकू. पल्लवीची आई रंगूबाई मला कुंकू लावायला आल्या आणि थांबल्या. बोट कपाळावर, नजर खिशावर.

"ह्यो इस्त्रीचा डाग माज्या हातचा हाय," म्हणाल्या.

मला वाटलं, कौतुक आहे! मी म्हटलं, "बनाआत्यानं दिलेला पीस आहे मावशी. मी वाया जाऊ दिला नाही."

रंगूबाई सावकाश आत्याकडं वळल्या. "बनाबाई, तुमाला शिवायला दिल्ता न्हवं?"

आत्या पेढे वाटत होती. ताट खाली ठेवलं. "डागाचा पीस कोण शिवतंय? डागाचाच बरा घावला मला द्याला?"

बाकीच्या बायका हळूहळू माझ्याभोवती जमल्या. आपापला पीस कुठं दिसतोय का, बघायला! एकीनं मला खांद्याला धरून पाठमोरं फिरवलं. दुसरी म्हणाली, पाठीवरचा पोपटी माझ्या जावेचा. मी मांडवाच्या मधोमध गोल गोल फिरतेय आणि मागं एकेक भांडण पेटतंय!

अंगठ्या घातल्या. साखर दिली. पण तारखेचा विषय निघाला तेव्हा रंगूबाईंनी नवऱ्याकडं बघितलं आणि ते म्हणाले, "तारखेचं बगू की मागनं."

येताना गाडीत मी शाल पांघरून बसले.

३ फेब्रुवारी, सोमवार

फोन नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

फोन नाही. आत्या आणि रंगूबाई म्हणे एकमेकींच्या दारावरून जातही नाहीत. मधलं माणूसच रुसल्यावर बोलायचं कुणी?

दादाची सुट्टी संपत आली. पल्लवीलाही फोन करू देत नाहीत. आज जेवताना दादा म्हणाला, "शाने, सीमेवर मी हाय आन् गोळीबार तू करतीस."

आबा सोडून कुणी हसलं नाही.

जॅकेट उसवायला घेतलं. माया नसल्यामुळं शिवणीपाशी धागे सुटले. उसवून एकही पीस कुणाला परत देण्यासारखा राहिला नाही. तसंच गुंडाळून ठेवलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आत्याचा फोन! एवढ्या मोठ्यानं की आबांनी ओसरीवरनं ऐकला.

आत्या शेवटी स्वतः गेली रंगूबाईंच्या घरी. भांडायलाच. पल्लवीच्या बारशाला मी खणाचा पीस दिल्ता, त्यो कुटाय, दाखवा — असं दारातूनच म्हणाली. रंगूबाईंनी ट्रंक उघडली. पीस होता. घडीसुद्धा मोडली नव्हती. बारसं होऊन बावीस वर्षं!

दोघी ट्रंकेजवळ खाली बसल्या आणि हसू लागल्या. चूल विझली तरी हसत होत्या म्हणे. पल्लवीला वाटलं, कुणीतरी गेलं. ती रडतच आत आली.

रविवारी रंगूबाई स्वतः येणार आहेत तारीख घेऊन. दादानं शेळीचा मुका घेतला.

१६ फेब्रुवारी, रविवार

लग्न १ मेला. दादाची तेव्हा सुट्टी बसते.

रंगूबाई माझ्यासाठी बोचकं घेऊन आल्या. आपली आख्खी ट्रंक! पल्लवीला असलंच जॅकेट पाहिजे. "माजी नणंद, जावा, समद्या हायेत ह्यात. खिशावर कुणाला घ्यायचं ते मी सांगीन," म्हणाल्या. मला वाटतं, त्यांना भांडण आवडलं.

आईच्या ओटीत त्यांनी एक नवा पीस घातला. मोरपंखी, जरीच्या काठाचा. वरच्या फळीवरचा, मला आता कळतं. म्हणाल्या, "ह्यो शिवाचा हं, इंद्राची आई. ट्रंकेत न्हाई."

आई म्हणाली, "व्हय व्हय, शिवणारच की."

गाडी वळणावर गेली आणि आईनं ट्रंक उघडली. पल्लवीच्या मावशीला व्हईल, म्हणाली. मी म्हटलं, तू शिव ना. तर म्हणे, मला कशाला आता. पदर असतोय की वरनं.

एवढे महिने मशीन चालवतेय. अख्ख्या गावाला कापडावर भाषण दिलं. आईचं माप मला माहीत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आई शेरडं घेऊन गेल्यावर दोरीवरचा तपकिरी ब्लाऊज काढला, मापाला. मोरपंखी कापला. आता तो कुणाला देता येणार नाही. बाह्या जोडून झाल्या, हुक तेवढे राहिलेत. माया भरपूर ठेवलीय.