चपलांच्या कपाटातला सर्व्हर

दादा,

मोठ्या कंपन्या आपले मेल वाचतात म्हणून तू चपलांच्या कपाटात स्वतःचा सर्व्हर बसवलास आणि सगळ्या घराचे मेल त्यावर आणलेस. मीही बावळटासारखी हो म्हणाले. काल जेवताना तू विचारलंस, "हॉस्टेलची खोली मिळाली का?" घर सोडून जाणार असल्याचं मी फक्त मावशीला मेलवर कळवलं होतं. आईच्या हातातला घास हातातच राहिला.

कंपनीने वाचलं असतं, तरी ताटावर बसून आईसमोर बोलली नसती. म्हणे खासगीपणाचा राखणदार!

मी निघाले. सर्व्हरचा प्लग काढलाय, चपला परत आत ठेव. आईसाठीची चिठ्ठी शेजारच्या काकूंकडे दिली आहे. हो, त्याच, गल्लीभर बातम्या पोचवणाऱ्या. तुझ्यापेक्षा त्या बऱ्या.