हातोहात गेलेली रायफल

११ ऑक्टोबर १९९४, मंगळवार

दिली शेवटी. डेलकडून ऑगस्टमध्ये घेतलेली रायफल आज पीट लिंडग्रेनला देऊन टाकली आणि त्याची आखूड नळीची, हलकी रायफल घेतली. माझ्या केस कापायच्या दुकानाच्या मागच्या बाजूला, त्याच्या गाडीच्या उघड्या फळीवर. पीट शाळेत मुलांना ट्रम्पेट शिकवतो. नळीत डोळा लावून त्यानं असं बघितलं, जणू आता फुंकणार.

जेवताना नॉर्मचं सुरू झालं. "त्या रायफलीत काय खोट होती?"

"काही नाही."

"मग दिलीस कशाला?"

"हातात बसत नव्हती."

"घेताना बसत होती." मग खिमा-बटाट्याचा आणखी एक डाव वाढून घेत म्हणाला, "नवरा तेवढा एकच टिकवलास. माझ्या बदल्यात कुणी काही देत नसणार."

तेहतीस वर्षं संसार केला, पण याला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही. मासे मात्र पकडतो. गळ किती आहेत ते विचारलं की गप्प.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

गावाबाहेरच्या खाणीत जाऊन नवी रायफल चालवून पाहिली. खांद्याला लागत नाही. हातात घेतली की आपोआप तिथे जाते, जिथे डोळा आहे. हीच. आता ही कुणाला द्यायची नाही.

(हे मी मागच्या तिघींबद्दलही लिहिलंय. असो.)

१९ ऑक्टोबर, बुधवार

नॉर्मचा प्रश्न डोक्यातून जात नाही. का करतो आम्ही हे?

माझ्या खुर्चीत बसलेला माणूस केसांबद्दल कधी बोलत नाही. हरणांबद्दल बोलतो, आणि त्याहून जास्त बंदुकांबद्दल. शिकारीचा हंगाम जेमतेम पंधरवड्याचा. बाकीचं वर्ष काय करायचं? दारातलं बर्फ उपसायचं, आणि अदलाबदल करायची. गेल्या वर्षी हरीण हुकलं ते आपल्यामुळे, हे कोण कबूल करणार? रायफलीमुळे हुकलं. ती दिली, दुसरी घेतली, की पुढचा नोव्हेंबर कोरा. त्यात कुणीच अजून चुकलेलं नसतं.

आणि सगळ्या ठेवायला घर कुणाकडे आहे? पण प्रत्येक एकदा तरी हाताखालून जावी असं वाटतं. थोडे दिवस ठेवायची, ओळख झाली की पुढे पाठवायची. त्या निमित्तानं कुणाच्या तरी दारात जायचं, कॉफी प्यायची. एरवी इथले पुरुष कारणाशिवाय एकमेकांच्या घरी जात नाहीत.

एकच नियम. खोट असेल तर सांगायची. न विचारता सांगायची. वडिलांनी मला नेम धरायला शिकवायच्या आधी हे शिकवलं.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

नीट लिहिते.

डेल होकन्सन दुपारी आला. दर मंगळवारी येतो. कापायला केस फारसे नसतातच, पण फेब्रुवारीत त्याची बायको म्यूरिअल वारल्यापासून येतो, बसतो, मी मानेवरून मशीन फिरवते. शाळेपासूनची ओळख. तो फार बोलत नाही. आज स्वतःहून म्हणाला, "ती रायफल वापरलीस का गं?"

"ती? पीटला दिली."

आरशात त्याचा चेहरा पाहिला. पांढरा पडला.

"का रे?"

"काही नाही. वसंतात एकदा गॅरेजमध्ये उडाली होती."

"उडाली म्हणजे?"

"सुरक्षेचा खटका पुढे सरकवला, आणि उडाली."

"चापाला बोट नव्हतं?"

त्यानं आरशातून नजर काढून घेतली. मग म्हणाला, "नव्हतं."

मी मशीन बंद केलं. "आणि हे तू मला आज सांगतोयस? दोन महिने ती माझ्या घरात होती, डेल."

"तू विचारलं नाहीस."

विचारलं नाहीस! डोकंच फिरलं माझं. दोन गिऱ्हाइकं बाकावर बसलेली, त्यांच्यासमोर बोलले. कुणाचा जीव गेला असता, अजूनही जाईल, तुला काही लाज? तो उठला, अंगावरचा कपडा स्वतःच काढून घडी करून ठेवला. दारात म्हणाला, "नाही जाणार गं कुणाचा."

असं म्हणून कसं चालेल? जंगलात हरीण दिसलं की माणूस पहिली गोष्ट तीच करतो. खटका पुढे ढकलतो. आणि तेव्हा समोर, बाजूला कोण उभं असेल सांगता येतं?

पीटचा फोन लागला नाही.

२६ ऑक्टोबर, बुधवार

शाळा सुटल्यावर पीटला गाठलं. वाद्यांच्या खोलीत खुर्च्या लावत होता.

"ती रायफल वापरू नकोस. आत्ताच्या आत्ता मला परत दे."

"ती नाहीये माझ्याकडे."

"नाहीये म्हणजे?"

"शनिवारी दिली. विलो फॉल्सच्या बंदुकांच्या बाजारात." मान खाली घालून म्हणाला, "माझ्या वडिलांकडे होती तशीच एक दिसली गं. अगदी दस्त्यावरच्या ओरखड्यापर्यंत तशीच. मला राहवलं नाही."

दोन आठवडेसुद्धा ठेवली नाही. पण मी कुठल्या तोंडानं बोलणार?

"कुणाला दिलीस?"

"गॉर्डी नावाचा माणूस. दाढीवाला. मुलीसाठी घेतोय म्हणाला. पहिल्यांदा शिकारीला येणार आहे म्हणे ती."

आडनाव? माहीत नाही. गाव? उत्तरेकडचा कुठला तरी. आमच्यात कुणी चिठ्ठ्याचपाट्या करत नाही. हात मिळवला, झालं.

हंगाम पाच तारखेला उघडतोय.

२९ ऑक्टोबर, शनिवार

दुकान बंद ठेवून विलो फॉल्सला गेले. त्याच हॉलमध्ये बाजार पुन्हा भरला होता. टेबलाटेबलापाशी जाऊन विचारलं. दाढीवाला गॉर्डी? इथे निम्मे दाढीवाले आणि चार तरी गॉर्डी.

एक म्हातारा सॉसेजचा पाव खात होता. म्हणाला, "कशाला शोधतेस? दिल्यावर हळहळ वाटतेय ना? मला दर वेळी वाटते. मी तीन वेळा एकच बंदूक परत घेतलीय."

"तसं नाही. तिच्यात खोट आहे."

त्यानं पाव खाली ठेवला. मग त्यानंच उठून सगळ्या हॉलमध्ये ओरडून विचारलं. कोपऱ्यातून एक बाई म्हणाली, "गॉर्डी सुंडबी असेल. ताराहॉक तळ्यापलीकडे राहतो. लाकूड कापतो."

तिथे टेबलावर आणखी एक गोष्ट कळली. डेलनं उन्हाळाभरात त्याच्या सगळ्या बंदुका काढून टाकल्या. एकाला दिली ती वल्ह्यांच्या बदल्यात, दुसऱ्याला बर्फात भोक पाडायच्या यंत्राच्या बदल्यात. माझ्याकडून त्यानं होडीची जुनी मोटर घेतली होती. म्हातारा हसून म्हणाला, "मासेमारीकडे वळला वाटतं." माझ्या मनात आलं, त्याला खात्री नव्हती कुठलीत खोट आहे आणि कुठली बरी. सगळ्याच गळ्यात मारल्या.

३० ऑक्टोबर, रविवार

सुंडबीचा फोन वाजतो. कुणी उचलत नाही.

३१ ऑक्टोबर, सोमवार

डेलचा फोन. "सोडून दे गं. काही होणार नाही. मी सांगतो ना."

"तू काय सांगतोस? तू तेव्हा सांगायला हवं होतंस."

"आर्लिस, ऐक जरा. मला तुझ्याशी..."

"त्या माणसाची मुलगी पहिल्यांदा जंगलात जाणार आहे, डेल. तिला काही झालं तर तू तिच्या आईला जाऊन सांग. म्हणावं, तुम्ही विचारलं नाहीत."

मी म्हणाले, उद्या दुकानात येऊ नकोस. परवाही नको. तुझे केस दुसरीकडे काप.

"बरं," म्हणाला आणि फोन ठेवला.

नॉर्म भांडी पुसत होता. म्हणाला, "जरा जास्तच बोललीस." मी म्हणाले, कमीच बोलले.

१ नोव्हेंबर, मंगळवार

डेल आला नाही. बरं झालं.

२ नोव्हेंबर, बुधवार

गॉर्डीच्या बायकोनं फोन उचलला. बहिणीकडे गेली होती. "ते दोघं आजच शिकारीच्या झोपडीवर गेले, बाप-लेक. तिकडे फोन कुठला? रविवारी येतील." मी काय ते सांगितलं. मग तिनं रस्ता सांगितला. पूल, मग जळलेली गिरणी, मग डावीकडे, मग रस्ता संपेपर्यंत. मध्येच रडायला लागली, पण वळण एकही चुकली नाही.

३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळीच निघाले. नॉर्म चल म्हणून बसला गाडीत, मी काही बोलले नव्हते. पाय ठेवायच्या जागी कॉफीचा थर्मास. ताराहॉकच्या पुढे बर्फ होतं. गिरणीनंतर रस्ता म्हणजे दोन चाकोऱ्या. एकदा गाडी रुतली, नॉर्मनं ढकलली.

झोपडीच्या धुराड्यातून धूर येत होता. दार उघडं. आत टेबलापाशी एक तरुण मुलगी उभी, विशीची असेल, आणि हातात तीच रायफल. खटका मागेपुढे करत होती. टक. टक. आणि चुलीपाशी, नळीच्या रेषेत, वाकलेला बाप.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. नॉर्म म्हणतो, मी "हात काढ" असं ओरडले. मुलगी जागच्या जागी थिजली.

"भरलेली नाहीये," ती म्हणाली. "बाबांनी दोनदा बघितलंय."

तरी मी पुढे होऊन ती तिच्या हातातून घेतली, बोल्ट मागे ओढला, बोट घालून बघितलं. रिकामी होती. मग खुर्ची ओढून बसले.

गॉर्डी सुंडबी मोठ्या अंगाचा, हळू बोलणारा. सगळं ऐकून घेतलं, पण त्याचा विश्वास बसेना. "बाई, राग मानू नका. पण हे असं मी आधी ऐकलंय. दिल्यावर माणसाला चुटपुट लागते, मग तो येतो आणि खोट सांगतो."

"इतक्या लांब येऊन?"

"याहून लांबून आलेत लोक."

मी गाडीत गेले आणि माझी हलकी आखूड रायफल आणून टेबलावर ठेवली. म्हणाले, ही घ्या. बदल्यात ती तेवढी द्या. हिच्यात खोट नाही, फक्त पाऊस असला की दस्ता जरा फुगतो.

त्यानं ती उचलली, मुलीच्या हातात दिली. तिनं खांद्याला लावली आणि चेहराच बदलला तिचा. मला ठाऊक होतं तसं होणार. माझाही बदलला होता.

"ही तुमची लाडकी दिसतेय," गॉर्डी म्हणाला.

"होती."

मग त्याला पटलं. लाडकी देऊन खोट असलेली मागणारं माणूस थापा मारत नसतं. त्यानं आम्हाला वाटाण्याचं सूप पाजल्याशिवाय सोडलं नाही. मुलीचं नाव बेट्सी. निघताना ती गाडीपर्यंत आली आणि खिडकीतून माझा हात दाबला.

येताना नॉर्म म्हणाला, "आता कळलं मला थोडं." काय कळलं ते सांगितलं नाही.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

इर्वकडे नेली. तो बंदुका दुरुस्त करतो, बापापासूनचा धंदा. शिकंज्यात आवळली, नुसती ठिणगीची टोपी असलेलं, गोळी-दारू नसलेलं काडतूस घातलं. खटका सरकवला. पुन्हा सरकवला. रबरी हातोड्यानं ठोकली, वरून, खालून, बाजूनं. मग सगळा चाप खोलून भिंगाखाली धरला. मी अर्धी सकाळ तिथे उभी.

"हिला काही झालेलं नाही," इर्व म्हणाला. "कारखान्यातून आली तशीच आहे. कुणी हात लावलेला नाही."

"मग आपोआप उडाली कशी?"

"आपोआप नाही उडाली. चाप ओढल्याशिवाय ही उडणार नाही."

म्हणजे डेल खोटं बोलला. बोट होतं चापावर, आणि लाजेनं रायफलीवर ढकललं. आणि मी दीड आठवडा रानोमाळ फिरले, एका पोरीचा जीव घाबरवला, माझी रायफल घालवली. आता तोंडावरच विचारते त्याला. उद्या हंगाम उघडतोय, जंगलात जायच्या आधी त्याच्या दारात.

५ नोव्हेंबर, शनिवार

डेलच्या स्वयंपाकघरात लिहितेय. उजाडलंय, लांब तळ्याकडे गोळ्या वाजायला लागल्यात. मी दारातच विचारलं, "चाप कुणी ओढला?" तो म्हणाला, "मीच. मुद्दाम, स्वतःवर. म्यूरिअल गेल्यावर सहा आठवड्यांनी. शेवटी हात घाबरला आणि नळी बाजूला गेली. मग घरात एकही बंदूक ठेवायची नाही असं ठरवलं." मग म्हणाला, "मंगळवारी तुझ्याकडे यायचो म्हणून बाकीचे दिवस निघत होते." सोबत आलेला नॉर्म डॉक्टरांना आणायला गेलाय. डेल खुर्चीत बसलाय, खांद्यावर टॉवेल. नॉर्म निघण्याआधी मशीन गाडीतून काढून घेतलं मी. मानेवर खरंच वाढलेत केस.