भोंग्याच्या आधीचा अंधार

बोरहेटी, ता. मूल
३ मे २०२५

ती. धनराज भाऊस,

मंजुषाचा नमस्कार. वहिनीला सांग की तिनं पाठवलेलं लोणचं पुरलं आणि उरलं. प्रणितचे पेपर कसे गेले ते कळव. भद्रावतीला क्वार्टरमध्ये कूलर आहे तरी दुपारी त्याला बाहेर सोडत जाऊ नका, यंदाचं ऊन वेगळंच आहे.

इकडे सगळं ठीक. तलाव आटत चालला आहे, त्यामुळे मासोळी जाळ्यात लवकर येते, पण आकारानं बारकी. मोहफुलं या वर्षी बरी पडली. माझी तब्येत चांगली आहे. तुझे फोन येऊन गेले ते दिसले, पण घरात रेंज राहत नाही.

आता हे रेंजचं तुला पटणार नाही, मला माहीत आहे. मागच्या अंगणात रेंज असते. मीच उचलले नाहीत. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. कागद मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

घड्याळाचं प्रकरण सुनिलनं तुला त्याच्या बाजूनं सांगितलंच असेल. त्याची बाजू खोटी नाही, हे आधीच सांगते. बापूजी, म्हणजे माझे सासरे, मागच्या मे महिन्यात तलावातला गाळ काढायच्या कामावर भर दुपारी कोसळले. सुनिल बापाला पाठीवर घेऊन तलावाच्या बांधाची पाळ चढला. घरी येईपर्यंत काही उरलं नव्हतं. त्या दिवसापासून या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट होती, की पुन्हा कोणी उन्हानं मरायला नको. उपसरपंच झाल्यावर त्यानं मोबाईलवर कुठेतरी पाहिलं आणि होळी झाल्यावर ग्रामसभेत उभा राहिला.

"बाहेरच्या देशात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढं करतेत. मंग आपल्या गावानं काऊन करू नये? पंचायतीचा भोंगा एक तास आधी वाजवू, गावातली सारी घड्याळं पुढं करू. काम एक तास आधी सुरू, अन् ऊन तापाच्या आत माणूस घरी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारे लटारूभाऊ तेवढे म्हणाले, "कोंबड्याले नोटीस देली का?" सभा हसली. मीही हसले.

हसता हसता लक्षात आलं, की ही गोष्ट हसण्यासारखी नाही. घरी आल्यावर मी सुनिलला म्हटलं, "तुमचं काम भोंग्यावर सुरू होते. आमचं भोंग्याच्या आधी. पाणी, चूल, डबे, मोहफुलं, सारं करून मंग आमी कामावर उभ्या राहतो. आता आमी उजाडता उजाडता घराबाहेर पडतो. तुमी भोंगा आधी वाजवला तर आमाले मिट्ट अंधारात निघा लागन."

"मंग बॅटरी घ्या."

"तलावाच्या तिकडल्या झुडपात पिलांवाली वाघीण हाय. जंगलवाले रोज सांगून राह्यले, उजाडल्याबिगर जाऊ नका."

तो चप्पल घालत होता, थांबला. "बापू मेला तवा तू होती ना तिथी?"

"होती. त्याह्यले शेवटचं पाणी म्याच पाजलं."

"तरी तू आडवी येऊन राह्यली."

 एवढं बोलून तो चप्पल घालून निघून गेला.

आधी काही दिवस करून पाहू आणि मग हात वर करून ठराव घेऊ, असं ठरलं. ते दिवस मजेचे होते असंही म्हणता येईल. भोंग्याची वेळ एक, मोबाईलची दुसरी. मूल गावाहून येणारी बस जुन्याच वेळेला यायची, शाळा सरकारी वेळेला भरायची. लेकरं विचारायची, "आई, आज कोणत्या वेळेचे आठ वाजले?" आम्ही बाया मात्र चांदण्या डोक्यावर असताना टोपल्या-बादल्या घेऊन बाहेर पडायचो.

पुढचं तू पेपरात वाचलंस. पेपरात चार ओळी होत्या.

चंदा आणि मी पाळीजवळच्या मोहाखाली होतो. चंदा तुला आठवत असेल, माझ्या लग्नात करवल्यांमध्ये सगळ्यात मोठ्यानं गाणारी. आता ती आणि तिची आई, दोघीच राहतात. ती वाकून फुलं वेचत होती. मी दुसऱ्या झाडाकडे वळले. आवाज काहीच झाला नाही भाऊ, लोक सांगतात तशी डरकाळी वगैरे काही नाही. चंदानं फक्त "मंजे" म्हटलं. बॅटरी फिरवली तर तिच्या खांद्यावर ते एवढं मोठं तोंड. मी ओरडले, बादली झाडावर आपटत राहिले, किती वेळ ते माहीत नाही. मग वाघीण तिला सोडून झुडपात गेली.

चंदा वाचली. चंद्रपूरच्या दवाखान्यात तिचा खांदा शिवला. हात अजून वर होत नाही.

मला वाटलं, आता ठराव आपोआप बारगळेल. पण पारावर बोलणं सुरू झालं की चंदा एकटी पुढे कशाला गेली, वाकायचं कशाला, घोळक्यानं जायचं. जणू वाघिणीनं नाही, चंदानंच काही केलं होतं. सुनिल असं बोलला नाही, हे मी कबूल करते. तो म्हणाला, "पाळीवर लाईट लावून घेतो. पण भोंगा आधीच वाजन. उन्हानं मेलेल्याची बातमीबी येत नाई."

मी सभेत उभी राहिले ते तेव्हा. आदल्या दिवशी तू सुनिलला फोन केला होतास. त्यानं स्पीकरवर ठेवला होता, तुला माहीत नसेल. "तिले म्हणा गप बस. नवऱ्याच्या विरोधात भर सभेत उभी राहाची आपल्या घरची रीत नाई." मी तिथंच मागच्या अंगणातल्या चुलीपाशी होते. सगळं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी उभी राहिले. आपल्या घरची रीत काय आहे ते तुझ्याइतकंच मलाही माहीत आहे, मीही त्याच घरात वाढले.

हरले. सुना सासऱ्यांच्या पाठीमागे बसल्या होत्या, त्यांचे हात पदराखालीच राहिले. सरपंच रुपालीताईंनी हात मोजले, माझ्याकडे पाहिलं आणि ठराव मंजूर म्हणून सांगितलं.

त्याच संध्याकाळी पदराखाली हात ठेवणाऱ्या बाया एकेक करून मागच्या दारानं माझ्याकडे आल्या. "सभेत नाई जमलं, बाई. पण अंधारात आमी जात नाई." आम्ही एवढंच ठरवलं, की आपल्या तळहातावरच्या रेषा दिसल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही आणि चूलही पेटवायची नाही. भोंगा ज्यांना वाजवायचा त्यांनी वाजवावा.

भोंगा वाजला. आम्ही कूस बदलली. सगळ्या गावात भोंगा घुमला आणि एकाही घरातून धूर निघाला नाही. पुरुष उठले, चहाशिवाय बसले, काही उपाशी कामावर गेले. कामावर निम्म्याहून जास्त बाया असतात, त्या उजाडल्यावर आल्या. हजेरी घेणारा मेट म्हणाला, उशीर झाला, परत जा. आम्ही परत गेलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा उजाडल्यावरच आलो आणि पुन्हा परत गेलो. मजुरी बुडाली, घराघरात भांडणं झाली. एकीच्या नवऱ्यानं तांब्या फेकून मारला. तिनं तो उचलून पाणी भरलं, पण उजाडल्यावर.

सुनिल माझ्याशी बोलेनासा झाला. मग एकदा बोलला. "तू मले गावात तोंड दाखवाले जागा ठेवली नाई."

मी म्हटलं, "चंदाले दवाखान्यातून आणलं. तिले पाहून या, मंग तोंडाचं बोला."

तो गेला नाही. मी गेले. तुला सांगितलं गेलं असेल की मी चंदाकडे जाऊन-येऊन असते. खरं असं, की महिनाभर मी तिच्याकडेच राहत होते. तिची आई थकलेली, चंदाला हाताशी माणूस हवं होतं, हे खरंच. पण तेवढंच कारण नव्हतं. सुनिलशी भांडण, हेही पूर्ण कारण नव्हतं.

गाव मला आता वाघीण म्हणतं. पोरं चिडवतात, बाया कौतुकानं म्हणतात. भाऊ, मला अंधाराची भीती वाटते. त्या दिवसापासून उजाडायच्या आधी मला अंगणातल्या मोरीपर्यंतही जाता येत नाही. चंदाच्या घरी तिची म्हातारी माय माझा हात धरून मोरीपर्यंत येते आणि बाहेर उभी राहते. सुनिलला हे सांगायची मला लाज वाटत होती. ज्या बाईनं बादली आपटून वाघीण हाकलली, तिनं लहान पोरीसारखं सोबत चल म्हणायचं का?

रुपालीताईंनी एक मे रोजी पुन्हा तोच विषय घेतला. काम ठप्प होतं, त्यांना घ्यावाच लागला. चंदा आली होती, खांदा बांधलेला. या वेळी मी भाषण ठरवून गेले होते, पण उभी राहिल्यावर ते आठवलंच नाही. तोंडातून एवढंच निघालं, "मले भेव लागते."

कोणीतरी मागून हसलं. मी थांबले नाही. "हो, भेव लागते. अंधाराचं. अन् भेव लागते म्हणून मी घरात बसून राहणार नाई, कामावर येणार. पण उजाडल्यावर येणार. कोणाले वाटत असन की घड्याळाचा काटा फिरवला की उजाडते, त्यानं आमच्यासंग पाळीवर यावं."

मग पदराखालचे हात बोलायला लागले. "मलेबी लागते." "मी तं पोरीले उठवतो सोबतीले." एक सासू उठून म्हणाली, इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही.

सुनिल व्यासपीठावर बसला होता.  मान खाली घालूनच म्हणाला, "मले दुपारचं भेव लागते." मग मान वर केली. "बापूले पाठीवर घेतलं तवा त्याचं अंग तव्यासारखं होतं. दुपार झाली का अजून पाठ भाजते."

माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि हे मी सगळ्या गावासोबत पहिल्यांदा ऐकलं.

मी म्हटलं, "मंग दुपारीच काम बंद करू. मजुरी तं माती मोजून मिळते, घड्याळ पाहून नाई. उजाडल्यावर लागू, ऊन चढलं की घरी. उरलं ते उन्हं कलल्यावर, अंधार पडाच्या आत. घड्याळाले हात कायले लावता?"

लटारूभाऊ म्हणाले, हे आधीच काऊन नाई सुचलं? मी म्हटलं, सुचलं होतं, ऐकाले कोणी नव्हतं.

भोंग्याचा ठराव रद्द करायला हात वर झाले. चंदाचा उजवा उठत नव्हता, तिनं डावा केला.  सुनिलचा हात वर होता की नाही, ते मी पाहिलं नाही. पाहायचंच नाही असं ठरवलं होतं. त्याच्या हातावर माझं जिंकणं-हरणं ठेवायचं नव्हतं.

सभा संपल्यावर तो चंदाच्या घरी आला. चंदाच्या खांद्याकडे पाहून नुसता उभा राहिला. चंदा म्हणाली, "बसा ना भाऊजी, मी काही वाघीण नाई." तेव्हा कुठे तो बसला आणि रडला. काल मी घरी आले. माफी मी मागितली नाही, त्यानंही नाही. आज पहाटे मला मोरीकडे जायचं होतं, मी त्याला उठवलं. तो उठला. बॅटरी घेऊन पुढे चालायला लागला.

तू निरोप दिला होतास, नवऱ्याची माफी माग नाहीतर भद्रावतीला निघून ये. दोन्ही जमणार नाही. माझी चूक नव्हती, म्हणून माफी नाही. हे गाव माझंही आहे, म्हणून भद्रावती नाही. बाबा गेल्यावर तू मला वाढवलंस, शिकवलंस, हे मी विसरले नाही आणि विसरणार नाही. पण त्यामुळे सभेतला माझा हात तुझा होत नाही.

एक गोष्ट उरली, ती लिहू की नको असं सुरुवातीपासून चाललं आहे. तू सुनिलशी कितीतरी वेळा बोललास. मंजुषानं असं काऊन केलं, लोक काय म्हणतील, हे विचारलंस. मी घरी होते तोवर प्रत्येक वेळी कान देऊन ऐकत होते. त्या मोहाखाली चंदाबरोबर मीही होते, हे तुला माहीत होतं. तिले काही लागलं तं नाई, हे तू एकदाही विचारलं नाहीस.

लागलं होतं. मागे सरताना पाय दगडांमध्ये अडकला, नडगी फाटली. टाके पडले. आता भरत आलं आहे.

समजवायला येणार असशील तर येऊ नकोस. पाहायला येणार असशील तर पत्र वाचल्याबरोबर निघ, मी वाट पाहते.

तुझ्यावर रागावलेली, तुझीच बहीण,
मंजुषा