खरखर बंद करू नये

३ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. मामी सांगते, घशाच्या ऑपरेशननंतर तुम्ही घरातही पाटीवर लिहून दाखवता. गळ्यावरच्या छिद्रावर अंगठा दाबून बोलायचं डॉक्टरांनी शिकवलं, ती विद्या काय कुलुपात ठेवायला?

माझा रविवारचा इंटरनेट रेडिओ जोरात आहे. मागच्या खोलीत भिंतीला गाद्या टेकवून बसते. लोक इंटरनेटवरूनच फोन करतात आणि मी ते थेट कार्यक्रमात घेते. महिनाअखेरीचा विषय आहे 'आवाज'. फळबाजारात लिलाव पुकारून ज्यांनी अख्खा बाजार गदागदा हलवला, त्यांच्यावाचून तो व्हायचा कसा? शनिवारी संध्याकाळी मामीच्या फोनवर तालीम करू. नाही म्हणालात तर मी तिथे येऊन गाईन.

मामीस नमस्कार. लोभ आहेच, तो फोनवरही दिसावा.

तुमची भाची,
टकळी

१० मार्च

चि. टकळीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या गाण्याच्या धाकानं तालमीला बसलो आणि तोंडघशी पडलो. मी जीव तोडून बोलतोय, तू आपली हॅलो हॅलो करतेयस. मामीनं तोच फोन हातात घेतला, तर तिचा शब्द न् शब्द तुला पोचला. म्हणजे हा माणसाचा आवाज नव्हे, हे यंत्रालाही कळलं.

मागे बाजारात गेलो होतो. मी तोंड उघडताच जुन्या ओळखीच्या एका आडत्यानं मान फिरवली. तेव्हापासून बोलायचं मनातून उतरलंय. माझ्या जागी दुसरं कुणी बघ. रागावू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

मामा

१७ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

तो आडत्या गेला उडत! आणि चूक तुमची नाही, माझी. या फोनमध्ये मागची खरखर आपोआप पुसायची सोय असते. त्या शहाण्यानं तुमचा आवाज पंख्याची घरघर समजून पुसून टाकला. मी माझ्याकडे ती सोय बंद केली आहे. मामीच्या फोनवर कुठे बंद करायची ते खाली चित्र काढून दाखवलंय. आता पंखा, कुत्री, मोटारी सगळं येईल. येऊ दे.

आणखी एक. तुमच्याच गावच्या एका बाईंनी मला कळवलंय. नवरा बसचालक. तुमच्यासारखंच ऑपरेशन सांगितलंय, पण मुका होऊन जगायचं नाही म्हणून तो हटून बसलाय. बाई रविवारी फोन करणार आहेत. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी बोला.

वाट पाहते. नाही म्हटलंत तरी लोभ राहीलच, पण फुगून बसेन.

टकळी

८ एप्रिल

चि. टकळीस अनेक आशीर्वाद.

त्या रविवारची माझी अवस्था तुला दिसली नाही तेच बरं. मामीनं फोन धरला होता, नाहीतर मी तो बंद करून पळालो असतो. पहिलं वाक्य बोललो आणि पलीकडे चिडीचूप. वाटलं, यंत्रानं पुन्हा गिळलं. मग उशिरानं तुझं हसू पोचलं आणि जिवात जीव आला.

त्या बाईंचा नवरा फोन घेईना, पण मागून प्रश्न पुरवत होता. ऑपरेशननंतर बायकोशी भांडता येतं का, एवढंच त्याला हवं होतं. मी सांगितलं, येतं की, फक्त एक हात गळ्याशी अडकतो, त्यामुळे हातवारे निम्मे होतात. तो हसला ते तूही ऐकलंस. पुढचं तुला ठाऊक नाही. दुसऱ्याच दिवशी तो डॉक्टरांकडे जाऊन होकार देऊन आला.

गेल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. काल भेटायला गेलो. त्याला अजून काही दिवस बोलायची मनाई आहे, म्हणून दोघांच्या वाटचं मीच बोललो. बस, बाजार, बायका, काही सोडलं नाही. शेवटी परिचारिका आली आणि मला दटावून गेली, की आजोबा, जरा हळू बोला, तुमचा आवाज पार जिन्यापर्यंत येतोय.

मामीचे आशीर्वाद. आहे तो लोभ वाढता ठेव, आणि फोन कर. मी उचलेन.

मामा